मौनाचा रकाना

शनिवारी सकाळी मी नावाच्या पाट्या मांडते.
मधोमध दुमडलेला पुठ्ठा, वर केंद्राचं लांबलचक नाव,
आंतरराष्ट्रीय व्यवसाय, संशोधन आणि प्रशिक्षण,
खाली उरलेल्या जागेत माणूस:
आदगोंडा मगदूम, शिरोली, फौंड्री.
रेहाना मोमीन, इचलकरंजी, टॉवेल.
तातोबा गाट, हुपरी, चांदीची पैंजणं.
तिसऱ्या रांगेत एसीचं पाणी गळतं,
तिथं फी भरलेल्या कुणाला बसवायचं नसतं.
तिथं माझी खुर्ची.

कंत्राटाचं हे दुसरं वर्ष. हुद्दा संशोधन सहायक.
काम म्हणजे चहा सांगणं,
प्रोजेक्टरची वायर एका विशिष्ट कोनात धरून ठेवणं,
आणि माणसं गप्प बसली की सेकंद मोजणं.

मॅडमचा प्रकल्पच तो आहे.
सौदा करताना कुठल्या मुलखातला माणूस
बोलण्याआधी किती वेळ थांबतो.
जपानचा आकडा आहे, ब्राझीलचा आहे,
फिनलंडच्या पुढं तर भलामोठा आहे.
कोल्हापूरचा रकाना कोरा.

आज मॅडम जर्मन गिऱ्हाईक झाल्या.
खुर्ची मागं सरकवली, चष्मा काढून टेबलावर ठेवला,
"चार टक्के उतरा, नाहीतर आम्ही तुर्कस्तानकडून माल घेतो."
समोर मगदूम.
इस्त्रीचा शर्ट, आणि नखांच्या कडेला
कुठल्याच साबणाला न जुमानणारी काळी वाळू.

मी घड्याळ दाबलं.
पाच.
आठ. बाहेर तळ्याच्या अंगाला मोर ओरडला.
तेरा. रेहानाबाईंनी ओढणी सारखी केली,
जणू दर त्यांनाच विचारलाय.
सतरा.
एकोणीस, आणि मॅडमच हलल्या,
"बरं, तीन टक्के."
वर्गात हशा. गाट तर बाकावर थाप मारून हसले.

चहाला मी कागद घेऊन त्यांच्याजवळ गेले.
काका, गप्प का राहिलात? पर्याय चार आहेत:
राग, नकार, आदर, डावपेच.
त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.
"त्यातलं काय न्हाई, पोरी.
भट्टीचं लाइटबिल आठवत हुतो.
चार टक्क्यात ते बसंना."

मग बशी खाली ठेवून म्हणाले,
"गेल्या साली खराच जर्मन हुता. कॉम्प्युटरवर.
असाच दर इचारला, असाच मी हिशेबाला बसलो.
त्याला वाटलं, लाइनच गेली.
हॅलो हॅलो केलं आन् ठेवून दिलं.
माल तयार हुता माझा. अजून शेडमध्ये हाय.
तवापासनं गप बसायची धास्तीच घेतलीय.
आज बसलो. म्हटलं, फी भरलीय,
हितं कोण ठेवून देतंय?"

पाचवा पर्याय प्रश्नावलीत नव्हता.
मी समासात बारीक अक्षरात लिहिलं: लाइटबिल.
मॅडम ते पेन्सिलनं खोडतील, आणि आकडा ठेवतील.
एकोणीस. आमच्या जिल्ह्याचा पहिला आकडा.

मला मात्र दुसराच एक आकडा आठवला.
जूनमध्ये वरच्या मजल्यावर, फायलीतून मान न काढता
साहेब म्हणाले होते,
"मुदतवाढ देऊ, पण मानधन दोन हजार कमी. चालेल?"
आणि वाक्य पुरतं संपायच्या आत मी,
"चालेल सर."
शून्य सेकंद.
मोजायला कुणी नव्हतं म्हणून,
नाहीतर तोही कुठल्यातरी तक्त्यात
संस्कृती म्हणून गेला असता.

सोमवारी पुन्हा बोलावलंय वर.

सगळे गेल्यावर मी पाट्या गोळा केल्या.
पुठ्ठा उलटा दुमडून पुढच्या तुकडीला वापरायचा असतो,
म्हणजे मगदूमांच्या आत आता
कुणीतरी गूळ विकणारा बसेल.
रिकाम्या खुर्चीत साहेब बसलेत असं धरलं,
त्यांना विचारू दिलं,
आणि घड्याळ दाबलं.

सातव्या सेकंदाला माझा घसा आपोआप खाकरला.
पुन्हा दाबलं. नऊ.

तिसऱ्या रांगेत पाणी ठिबकत होतं,
दोन थेंबांत चांगलं अंतर ठेवून,
काहीही घाई नसल्यासारखं.