पेन्सिलीची यादी

कामगार संघाच्या अध्यक्षपदाला
यंदा मिरची निवडणारी बाई उभी आहे.
इंदू शेडगे, मसाला बाजार, वाशी.
प्रचार मी बघतो.
म्हणजे यादी माझ्याकडे, ऑफिसची किल्ली माझ्याकडे
आणि चहाची उधारीही माझ्याच नावावर.

तीन हजार एकशे बारा नावं.
आपल्यापुढं ‘ह’, त्यांच्यापुढं ‘न’,
ज्याचं अजून ठरायचंय त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह.
मागच्या खेपेला प्रश्नचिन्हं सातशे भरली होती.
यंदा दोनदा मोजली.
एकोणचाळीस.

दिवाळीआधी धन्याचा ट्रक आला,
आधी कुणाच्या टोळीनं लावायचा हात, यावरून
दोन डोकी फुटली.
एक धोंडिराम कणसेचं, एक रामदुलारचं.
टाके दोघांनाही सात.
तेव्हापासून घाटावरचे एकीकडे, उत्तरेकडचे एकीकडे,
पॅनेलं दोन, झेंडे दोन,
चहाची टपरीसुद्धा फुटली, एक गेट तीनला, एक गेट चारला,
साखर दोन्हीकडं कमीच.

मी म्हणालो, बाई, हिशेब ऐका.
एकोणचाळीस डोक्यांवर अध्यक्ष होत नाही कुणी.
कुठली तरी एक बाजू धरा,
नाहीतर मृदंगाला दोन्हीकडून थापा.
आणि काही झालं तरी त्या ट्रकचं नाव काढू नका.

तिनं तोंडावरचा फडका खाली ओढला.
म्हणाली, भाऊ, फुटकी मिरची आम्ही टाकत नाही,
तिचीच भुकटी होते.
वाक्य झकास होतं.
मी लगेच वहीत उतरवलं, वर ‘भाषणासाठी’ लिहिलं,
खाली दोन रेघा.

भाषणात तिनं ते घेतलंच नाही.

ती बोलली संडासाच्या कडीबद्दल,
अकरा वर्षं एक जण आत, एक जण बाहेर सुतळी धरून.
बोलली गोणीच्या वजनाबद्दल, लेव्हीच्या पावतीबद्दल.
मी खाली मान घालून टिकमार्क करत होतो,
सगळं ठरल्याप्रमाणं.
मागून कुणीतरी ओरडलं,
डोकी फुटली तेव्हा कुठं होता बाई तुम्ही?

मी मानेनं नाही नाही म्हणालो.
ती म्हणाली, झाडत होते.
तुमचं रक्त धन्यात सांडलं होतं,
कुठलं कुणाचं ते काही निवडता येईना.
शेठ म्हणाला, माल खराब झाला.
दिवसाची मजुरी कापली.
माझी.

टाळी पडली नाही.
ना इकडून ना तिकडून.
कुणीतरी शिंकलं, मसाला बाजारात कुणीतरी शिंकतच असतं.
मी पेन्सिल हातात धरून बसलो,
ह्या शांततेपुढं कुठलं अक्षर घालायचं
ते मला इतक्या निवडणुकांत कुणी शिकवलं नाही.

रात्री दहाला शटर अर्धं ओढलं होतं,
खालून वाकून आत आला धोंडिराम कणसे.
यादीत पान एक्केचाळीस, ओळ सहा, ठळक ‘न’.
टोपी काढली नाही, खुर्चीवर बसला नाही.
किती कापली होती म्हणाल्या त्या?
साडेतीनशे, मी म्हणालो.
त्यानं टेबलावर एकशे पंच्याहत्तर ठेवले,
मोजून, सुट्ट्यांसकट.
निम्मे माझे. राहिलेले त्याच्याकडनं घ्या.
आणि मत, धोंडिराम?
ते बघू, म्हणाला, आणि पुन्हा वाकून निघून गेला.

निवडणुकीत पैसा आपल्या हातून सुटतो,
ऑफिसात येऊन कुणी ठेवून जात नाही.
खर्चाच्या वहीत ह्याला रकानाच नाही.
नोटा तशाच यादीखाली सारल्या.
मग रबर घेऊन त्याचा ‘न’ खोडायला लागलो.
ठळक लिहिला होता, जोर लावावा लागला,
कागद तिथं पातळ झाला, जरासा फाटलाही.
त्या भोकाच्या कडेला प्रश्नचिन्ह काढलं.

चाळीस.
परवा मतदान आहे.
रामदुलार अजून आलेला नाही.
शटर मी अर्धंच ठेवलंय.