झुकतं माप

मार्केट यार्डात कुणी विचारलं, मधली काय करते,
की अण्णा सांगायचे, ध्रुवीकरणावर पीएचडी.
मग गाळ्यातले दोघंतिघं पुढं सरकायचे,
म्हणजे यंदा आपल्या वॉर्डात कुणाचं?
अण्णा नुसते हसायचे.
त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं.

माझं ध्रुवीकरण रुपयाच्या नाण्याहून लहान.
फिकट पिवळी चकती, दोन्ही तोंडांना चांदीचा लेप.
आत चिरोट्यासारखे थर:
बिस्मथचा पापुद्रा, मग टायटॅनियमच्या तीन खोल्या,
पुन्हा पापुद्रा, पुन्हा तीन,
जणू कुणी न थकता साटा लावत बसलंय.
त्या खोल्यांत कुणीच बरोब्बर मध्ये बसत नाही.
जो तो किंचित सरकलेला,
केसाचे तीसेक लाख उभे काप केले
तर त्यातल्या एकाइतका.
एवढ्यावरच सगळं चालतं.

भट्टी रात्रभर हजार अंशांवर.
विश्रामबागेत वीज गेली की मुजावर मामा
फोनवर आधी उसासा टाकतात, मग सांगतात.
सकाळी चकतीला भेग.
मगदूम सर म्हणतात, पुन्हा दळ.

एकदा अण्णा डबा द्यायला आले, उभं राहून बघत बसले.
मी तेलात चकती सोडली, व्होल्टेज चढवत नेलं:
आतले सगळे एका अंगाला झुकले.
मग उतरवत शून्यावर आणलं.
पडद्यावरची रेघ मात्र शून्यावर आली नाही.
गेली त्या वाटेनं परतलीच नाही ती,
तिरपं ठेवलेलं आंब्याचं पान काढत राहिली.

काटा बिघडलाय तुझा, अण्णा म्हणाले.
बिघडला नाही, हाच त्याचा गुण.
जोर काढून घेतला तरी झुकणं उरतं.
उलट जोर लावल्याशिवाय जात नाही.
ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले,
म्हणजे धडा करावा लागतो.
रिकामं पारडं खाली राहिलं
तर दुसऱ्यात खडा टाकायचा, समोरासमोर येईपर्यंत.
हळदीच्या सौद्यात रोज सकाळी पहिलं काम तेच.

चार वर्षं वाचलेल्या पेपरांत
हे इतक्या थोडक्यात कुठं नव्हतं.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
खोल्या तीन असल्या, पाच असल्या, विषम असल्या,
तर वरच्या दिशेला थोडंसं माप उरतं.
सम असल्या की वरचं खालच्याला खोडतं,
बेरीज कोरी.
आम्ही घरात तिघी होतो.
त्रिशलाताई गेली त्या उन्हाळ्यापासून
मी आणि विनया:
एकीनं खिडकी उघडली की दुसरी लावते,
दिवस संपतो आणि हाती काही लागत नाही.
हा निष्कर्ष प्रबंधात घेता येणार नाही.

काल चकती रात्रभर उलटसुलट केली,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, काही कोटी वेळा.
शिशाची असती तर दमली असती.
ही दमत नाही म्हणतात.
बिस्मथचे पापुद्रे मधल्यामध्ये सोसून घेतात,
असा एक कयास आहे, खात्री कुणालाच नाही.
पहाटे पान होतं तसंच होतं.
वहीत तारीख घातली, मायक्रोकूलंबचे आकडे लिहिले,
पहिल्या बसनं गावभागात आले.

अण्णा सोप्यात झोपलेले.
तोलार व्हायच्या आधी चौदा वर्षं हमाली,
पोती सगळी उजव्या अंगावर.
आता यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे,
आणि यांना घरी बसून तिसरं वर्ष.
अंगावर एक पातळ चादर, बाकी काही नाही.
उजवा खांदा झोपेतही खालीच.

मी डबा ओट्यावर ठेवला, आवाज न करता.
किती उलट जोर लागेल, कुठल्या बाजूनं,
आणि खडा कसला,
उभ्या उभ्या हिशेब मांडायला लागले
तेवढ्यात विनयानं खिडकी उघडली.
आज राहू दिली.