एकच बाई

बाजारच्या दिवशी आम्ही बसतो जिंतूरला,
बसस्टँडमागं, मैनोद्दीनच्या वेल्डिंगच्या दुकानात.
एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र,
आणि पत्र्यावर रंगवलेलं : माजी सैनिक मदत, मोफत.
‘मोफत’ त्यानं दोनदा गिरवलंय,
तरी लोक पन्नासची नोट आणतातच,
मुठीत घामेजलेली.

मी सिग्नलचा. सतरा वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवले,
आता पेन्शनीचे पोचवतो.
पासवर्ड विसरलेले सुभेदार,
दवाखान्याच्या कार्डावर चुकीची जन्मतारीख,
मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, उद्या शेवटची तारीख.
तोफखान्याचा बिराजदार कानानं गेलेला;
त्याला ऐकायचं मशीन मंजूर झालं
हे मी चार वेळा ओरडून सांगितलं.
आधी आख्ख्या बाजाराला कळलं, मग त्याला.

नोव्हेंबरात जास्त गर्दी.
आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचा महिना
आणि नेमका कापूस वेचायचा.

केवळबाई दराडे वेचणीवरूनच आली,
पदराला सरकीचं तूस.
अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, नाही.
पुसून ठेवला. नाही.
तर्जनी. मधलं बोट. नाही.
बोंडांच्या टोकांनी रेषा केव्हाच खरवडून नेलेल्या.
“म्हंजी मी मेले का?”
विचारलं तिनं, पण हसली नाही.

आणि दुसरं एक होतं फायलीत.
नायक सटवाजी दराडे, पत्नीचं नाव : कस्तुरा.
आधारवर केवळबाई.
वाढीव पेन्शनीची दोन वर्षांची थकबाकी
या दोन नावांच्या मधे उभी,
बंद फाटकाशी थांबलेल्या बैलगाडीसारखी.

“कस्तुरा कोण, काकू?”
मैनोद्दीननं हातातली ठिणगी विझवली.
तिनं पदर आधी सारखा केला.
“लग्नात बदललं व्हतं नाव. तांदळात अंगठीनं लिव्हलं,
मंग तांदूळ गेले वटीत.
सासूच्या जिभंवर बसंना, ती केवळच म्हनायची.
समदेच केवळ.”
“अन् ते?”
“ते सुट्टीवर आले की...
दिवा गेल्यावर.”
पुढं ती बोलली नाही. आम्हीही
कागद शोधल्यासारखं केलं.

मसुदा माझ्याकडं तयारच असतो. वाचून दाखवला :
‘केवळबाई व कस्तुरा ही नावे एकाच व्यक्तीची असून...’
“तसं लिहू नगं,” ती म्हणाली.
“ती वरसातून दोन महिने असायची.
बाकी दहा महिने मीच.
जनावरं मी, सासूचं दुखणं मी, पोराचा दाखला मी.
ती काई राबली न्हाई.”

प्रतिज्ञापत्रात यासाठी जागा नसते.
शंभराच्या स्टँपवर दोन बाया मावत नाहीत.
म्हणलं, काकू, एकच लिहू, नाहीतर रक्कम सुटायची नाही.
तिनं बराच वेळ त्या कागदाकडं पाहिलं,
जिथं लिहिता येत नव्हतं तिथंही.
“लिही मंग. तिच्या नावाचं
मी खाते म्हनावं.”

हयातीचं राहिलंच होतं.
अंगठा नाही तर चेहरा : फोन समोर धरला.
फोन म्हणतो, पापण्या मिचकवा.
मी सांगितलं तसं.
तिनं दुकानभर बसलेल्या फौजी म्हाताऱ्यांकडं पाहिलं.
मैनोद्दीन लंगडत भिंतीकडं वळला,
लागलीच बाकीचेही, कवायतीत वळावं तसे.
फक्त मी आणि फोन.
ती मिचकली एकदा,
आणि कुणास ठाऊक कुठून
त्या उन्हानं रापलेल्या तोंडावर
सोळा-सतराची एक लाज येऊन गेली.
हिरवा गोल फिरला. झालं.

“काय झालं? काय झालं?” बिराजदार विचारत होता,
त्याचं मशीन अजून यायचं होतं.
“जिवंत आहे!” मी ओरडलो.
मिरच्यांच्या ढिगाशी बसलेली माणसं वळली.

“कोण?” त्यानं विचारलं.

मी पुन्हा ओरडलो नाही.