मागच्या खिशातली पेन्सिल

या खेळात म्हाताऱ्यालाही गणवेश घालावा लागतो.
बाकीच्या खेळांत प्रशिक्षक कोट-टाय घालून उभे असतात.
इथं अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेला माणूस
पोराटोरांसारखीच घट्ट विजार चढवतो,
पाठीवर सेहेचाळीस नंबर,
आणि सामनाभर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतो.

ती विजार मी धुते. एकोणीस वर्षं झाली.
आयोवातलं गाव, चहूकडे मका,
स्टेडियमखालचं तळघर, चार मशिनं, आणि मी, ओफेलिया.
एमिल हॅवरकँपची कारकीर्द लोक आकड्यांत सांगतात:
सतराशे बारा जिंकले, सतराशे सत्त्याऐंशी हरले,
अकरा गावं, नऊ वेळा नारळ.
मला ती डागांत माहीत आहे.

पोटरीवर लाल माती, म्हणजे अंपायरशी भांडला,
बुटानं धूळ उडवली, मैदानाबाहेर काढला गेला.
ढोपरावर चुना, म्हणजे रेघेपाशी कुणी पोरगं कोसळलं
आणि डॉक्टर येईपर्यंत हा त्याच्याशेजारी टेकून बसला.
तंबाखूचे शिंतोडे सुरुवातीची सात वर्षं.
मग बायकोच्या घशात गाठ निघाली
आणि यानं तंबाखू सोडली,
जणू देवाशी खेळाडूंची अदलाबदल करायची होती.
देवानं कागदावर सही केली नाही.

मागच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा.
खिसे तपासायचे राहिले की
नऊ नावांचा कागद मशिनमधून लगदा होऊन निघायचा.
एकदा वाळवला. एकच नाव लागलं: कासिमिरो.
तो आता मोठ्या लीगमध्ये आहे.
टीव्हीवर दिसला की एमिल आवाज बंद करतो
आणि नुसते त्याचे पाय बघतो.

पोरांना घरी धाडायचं कामही त्याचंच.
दार स्वतः लावायचा, टोपी काढायचा.
'आधी सांगावं, मग बसवावं,' म्हणायचा,
'बसून वाट बघताना माणूस आशा धरतो.'
मग ती पोरं माझ्याकडे यायची गणवेश परत करायला,
जन्मात कधी घडी न घातलेली पोरं,
घडी घालून.

पिचर थकला की हा डगआउटमधून निघायचा.
पळणं नाही, रेंगाळणं नाही, चुन्याच्या रेघेवर पाय नाही.
उंचवट्यावर पोचला की हात पुढे, तळवा वर.
पोरगं त्यावर चेंडू ठेवायचं.
कुणी रडत ठेवायचं, कुणी आदळायचं.
हा दोघांच्याही पाठीवर तशीच थाप मारायचा.

परवा रात्री, दिवे अजून चालू होते,
वरच्या ऑफिसातला नवा साहेब, लिंडक्विस्ट,
वय एकतीस, बगलेत लॅपटॉप,
मैदान ओलांडून येताना दिसला.
पळत नव्हता. रेंगाळत नव्हता.
मी टॉवेलांची गाडी घेऊन बोगद्याच्या तोंडाशी.
एमिलनं ती चाल ओळखली.
साहेबानं तोंड उघडायच्या आत
मागच्या खिशात हात घालून पेन्सिल काढली
आणि त्याच्या हातावर ठेवली.
साहेबाला कळेना, तिचं करायचं काय.

नंतर खाली आला. शर्ट, विजार, मोजे,
घडी अगदी वाईट.
'लाल माती जात नाही ना गं?'
जाते, म्हटलं, रात्रभर भिजवली तर.
'मग नको भिजवूस.'

उद्या पाहुण्यांची टीम येतेय, साठ टॉवेल आहेत,
तिसरं मशीन पुन्हा गळतंय.
सेहेचाळीस नंबर खुंटीवर आहे, कोरडा.
खिसे मी तपासलेले नाहीत.