उपाशीपोटी

सहाला निघते. स्कूटरवर पायाशी बर्फाची पेटी,
पेटीत रिकाम्या नळ्या, टोपीच्या रंगावरून ओळखायच्या.
पहिलं घर नौपाड्यात. टिपणीसकाकूंच्या ओट्यावर
रात्रभर भिजून फुगलेली मेथी, वाटीवर बशी.
"अगं, मेथीचं पाणी घेतलं तर उपास मोडतो का?"
मोडतो, म्हणते मी.
"अर्धीच वाटी घेतली. औषध म्हणून."
मी ओठ मिटून कागदावर खूण करते.

मग घोडबंदर रोड, बाविसावा मजला.
पंचविशीतला मुलगा, हाताची शीर दोरखंडासारखी,
अंधारातही सापडावी.
फ्रीजवर पावडरचा डबा,
एवढ्या डब्यात आमच्याकडे महिन्याचे तांदूळ मावतात.
टेबलावर गोळ्या ओळीने: माशाच्या तेलाची, हळदीची,
अश्वगंधाची, आणि एक, जिचं नाव त्यालाही आठवेना.
कशासाठी, हे आम्ही विचारायचं नसतं.
सुई दिसली तशी त्याने मान भिंतीकडे वळवली,
"ताई, सांगून टोचा हं."

बाळकुमला अनसूया भोईर पायरीवरच बसलेल्या.
"सा म्हैने कारल्याचा रस पितंय.
आता कारलाच गोर लागतं मना."
दोघी हसलो. रक्त मात्र सावकाश आलं.

माझं हिमोग्लोबिन नऊ.
आई मुरबाडहून हळिवाचे लाडू पाठवते,
ते लेक खातो.
फोनवर मी सांगते, खाल्ले.

साडेआठ. चरईत मोकाशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
दार उघडंच होतं.
खिडकीत जांभळाच्या बियांच्या पुडीची बरणी,
तिच्यावर चिकटपट्टी, निळ्या शाईत:
सकाळी १ चमचा. कोमट पाणी. विसरू नये.
बाईचं अक्षर. 'ळ'ला नको इतका गोल वळसा.
"साखर कधीपासून आहे, काका?"
"मला नाही. तिला होती.
एवढी पूड उरली. टाकवत नाही."
बरणी अर्ध्यावर आलेली.

करड्या टोपीची नळी आजची साखर सांगते,
जांभळ्या टोपीची, मागच्या तीन महिन्यांची.
हे मी घरोघरी सांगते, पाठ झालंय.
कालच काय खाल्लं ते लपतं, तीन महिन्यांचं लपत नाही,
यावर लोक हसतात.
हे हसले नाहीत.
"तीन महिने म्हणजे कुठपासून?"
मी बोटांवर मोजलं. जुलैपासून, म्हटलं.
"जुलै," म्हणाले,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
तिथे अजून ऑगस्ट होता.
मग बाही आणखी वर सारली.
"थोडं जास्त घेतलंत तरी चालेल."

नळी जोरात हलवायची नसते,
हळूच उलटी-सुलटी करायची, आठ वेळा.
मी दहा वेळा केली.

निघताना हातात पुडी ठेवली, वर्तमानपत्राच्या कागदात.
मला साखर नाही हो काका.
"मलाही नाही."

जिन्यात बर्फाचं पाणी पेटीतून ठिबकत होतं.
लॅब दहापर्यंतच नळ्या घेते.
रात्री पुडी सोडली, चमचाभर पूड, कोमट पाणी.
तुरट. जीभ टाळूला चिकटली.
लेक विचारतो, काय खातेस?