सात चौकोन

कुताइसीच्या नोंदणी कार्यालयात
मृत्यूच्या दाखल्याची पीडीएफ निघाली
आणि आम्ब्रोसीच्या जागी
सात रिकामे चौकोन.
त्सिउरी म्हणाली, "नवरा गेला ते ठाऊक आहे.
नावही गेलं का?"

झ्वियाद ओशाळला.
तारीख बरोबर. शिक्का जागच्या जागी,
कागदाचं शून्य खाली डाव्या कोपऱ्यात असतं,
तिथून बिंदू मोजत मोजत त्यानेच वर चढवलेला.
फक्त फॉन्ट सोबत बांधून द्यायचा राहिला.

एक ओळ लिहिली. पुन्हा चालवलं.
गोलमटोल अक्षरं मुकाट्यानं
आपापल्या जागी येऊन बसली.

तिनं कागद खिडकीशी नेला.
शाई कोरडीच होती,
तरी फुंकर घातली.
मग वळून म्हणाली,
"ती चौकोनांचीही एक प्रत दे."