हात लावू नये

रबाळ्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
डाय बनवणाऱ्या कारखान्याचा पोटमाळा.
तिथं रेवती मढवीचा संगणक,
आणि सर्व्हर खाली, स्टोअरच्या दाराआड, ग्रीसच्या डब्यांशेजारी.
दोघांत अंतर फार तर चाळीस पावलं.
ड्रॉइंग उघडायला अकरा मिनिटं.

"तेवढ्यात मी डबा खाऊन घेते," ती म्हणाली,
तक्रारीच्या सुरात नाही,
आज उकडतंय म्हणावं तसं.

पिंग मारला.
एक मिलिसेकंद. एक. एक. एक.
प्रत्येक हाकेला ओ.
एवढं बघूनच "सगळं ठीक आहे" म्हणत
बिल ठेवून गेले होते माझ्या आधीचे दोघं.
हाक पोचते म्हणजे बोलणं पोचतं,
असं धरून चाललो मीही, दुपारी दोनपर्यंत.

केबल बदलली. खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली ती,
तिच्यावर माझा पहिल्यापासून डोळा होता;
निर्दोष निघाली बिचारी.
अँटिव्हायरस बंद केला, चालू केला.
शेजारच्या यंत्रावरून तीच फाइल ओढली,
तीही रखडली.
हिशेबाच्या बारक्या फाइली मात्र सुटसुटीत येत होत्या,
म्हणून तळमजल्यावर कुणाची ओरड नव्हती.

"कधीपासून?"
"नवा स्विच बसवला ना, मार्चमध्ये, तेव्हापासून.
पण तो तर नवा आहे."

स्विचच्या आत शिरून सर्व्हरचं पोर्ट पाहिलं.
टकरींचा आकडा
माझ्या डोळ्यांदेखत चढत होता.
सर्व्हर समजून होता, दोघांनी एकाच वेळी बोललं तरी चालतं.
स्विच समजून होता, एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं ऐकायचं.
सर्व्हर आपल्या तंद्रीत बोलत सुटायचा,
स्विच वाक्य अर्ध्यात टाकून थबकायचा,
मग पुन्हा पहिल्यापासून.
खोटं कुणीच वागत नव्हतं.
'आहेस का?' 'आहे.' एवढं निभायचं;
लांबलचक काही सांगायला घेतलं
की चुराडा.

खाली गेलो. सर्व्हरच्या पाठीला मास्किंग टेपची पट्टी,
बॉलपेनची शाई जांभळी पडलेली:
'१०० फुल. हात लावू नये. आंब्रे, २०१४.'
आणि एक मोबाइल नंबर.

लागला.
"तुमची ती सेटिंग..." मी म्हणालो,
"कोण बोलतंय?" ते त्याच क्षणी म्हणाले.
दोघंही थांबलो.
मग दोघंही पुन्हा एकदम.
"बोला, बोला तुम्ही."
"नाही, तुम्ही बोला."
आंब्रे आता कामोठ्यात झेरॉक्सचं दुकान चालवतात.
मागं मशिनची घरघर, कुणीतरी आधारच्या दोन प्रती मागत होतं.
"तेव्हाचा स्विच भिकार होता हो,
ऑटोवर टाकलं की अर्ध्या तासाला लाइन तुटायची.
तीन रात्री बसलो होतो तिथं.
तीन रात्री."
थोडं थांबून:
"अजून चालू आहे तो सर्व्हर?"
चालू आहे म्हणालो.
"मग काढा ते. मी सांगितलं म्हणून सांगा."
कुणाला सांगू, विचारायचं राहिलं.

एक खूण बदलली. ऑटो.
दिवा एकदा विझला, पुन्हा लागला.
वर ड्रॉइंग नऊ सेकंदांत उघडलं.
रेवतीच्या हातात डब्याचं झाकण तसंच.
"अगं बाई," ती म्हणाली,
"आता जेवायचं कधी?"

पट्टी सोलून काढायला नख लावलं होतं मी.
नाही काढली.
खाली उरलेल्या जागेत लिहिलं:
'आता ऑटो. हात लावला तरी चालेल. पाष्टे.'
तेलकट कागदावर पेन उठेना,
'चालेल' तीनदा गिरवावं लागलं.